अडखळणाऱ्या चित्राचा इतिहास

घरांतील जुन्या फितींचा गठ्ठा एके दिवशीं कपाटांतून बाहेर निघतो. कोणी त्यांतील कार्यक्रम संगणकांत उतरवून घेतो, संगणकांतील फाइल तबकडीवर चढवितो, आणि घरची मंडळी मोठ्या उत्सुकतेनें पडद्यासमोर बसते. कार्यक्रम सुरू होतो. पण कॅमेरा डावीकडून उजवीकडे वळूं लागला कीं चित्र ठेचाळत चालतें, नर्तकीच्या हलत्या हाताच्या कडेला फणीच्या दात्यांसारख्या रेषा उमटतात, आणि अर्ध्या तासानंतर गायकाचे ओठ आधीं मिटतात व सूर मागाहून येतो. यंत्र बिघडलें, तबकडी हलक्या प्रतीची निघाली, असा निर्वाळा ताबडतोब दिला जातो. पुष्कळदां तो चुकीचा असतो. हा बिघाड त्या संध्याकाळचा नसतो. दूरचित्रवाणी अद्याप तान्ही असतांना जे निर्णय घेतले गेले, त्यांचा तो वारसा असतो.

दूरचित्रवाणीचें चित्र पडद्यावर एकदम उमटत नसे. शेतकरी जसा नांगराचें एक तास संपवून दुसरें धरतो, तसा किरण वरून खालीं एकामागून एक रेषा ओढीत जाई. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून २ नोव्हेंबर १९३६ रोजीं बी.बी.सी.ची नियमित दूरचित्रवाणी सुरू झाली. त्या वेळीं दोन पद्धतींची आळीपाळीनें परीक्षा चालली होती. १९३७ च्या आरंभीं ४०५ रेषांची पद्धत कायम झाली. तींत सेकंदाला २५ चित्रें येत. अमेरिकेनें १९४१ सालीं ५२५ रेषा व सेकंदाला ३० चित्रें हें मान ठरविलें.

हे २५ आणि ३० आंकडे कोठून आले? ते घरोघरच्या विजेच्या तारेंतून आले. इंग्लंडांतील वीज सेकंदाला ५० आवर्तनें करी, अमेरिकेंतील ६०. त्या काळच्या ग्राहकयंत्रांत वीजपुरवठ्याची गुणगुण चित्रांत शिरत असे. चित्राचा ताल विजेच्या तालाशीं जुळला नाहीं, तर पडद्यावर काळसर पट्टे सरकतांना दिसत. म्हणून दोन्ही देशांनीं आपापलें चित्र आपापल्या विजेच्या तालाला बांधून टाकलें. भारतांतील वीज ५० आवर्तनांची. १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लींत आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईंत दूरचित्रवाणी आली, ती २५ चित्रांचीच. जगाचे असे दोन भाग पडले, आणि एका भागांतील चित्र दुसऱ्या भागांत नेणें हें भाषांतराहून अवघड काम होऊन बसलें.

दुसरा निर्णय डोळ्यांसाठीं घ्यावा लागला. सेकंदाला २५ वेळां उजळणारा पडदा डोळ्यांपुढें लवलवतो. पन्नास संपूर्ण चित्रें पाठवावींत, तर लहरींचा पट्टा दुप्पट रुंद लागतो. जर्मनींत फ्रिट्स श्रोटर यांनीं १९३० सालीं व अमेरिकेंत रँडल बॅलार्ड यांनीं १९३२ सालीं यावर एक तोड सुचविली: प्रथम विषम रेषा ओढाव्या, मग त्यांच्या मधल्या सम रेषा. म्हणजे एका चित्राचीं दोन अर्धचित्रें झालीं. रेषांची एकूण संख्या तेवढीच राहिली, पण पडदा सेकंदाला ५० किंवा ६० वेळां उजळूं लागला. खर्च न वाढवितां डोळ्यांची समजूत घालण्याची ही युक्ति इतकी सोयीची ठरली कीं ती पुढें अनेक दशकें टिकली.

मात्र तिची किंमत पुढच्या पिढीस मोजावी लागली. दोन अर्धचित्रें एका क्षणाचीं नसतात. त्यांत एक-पन्नासांश सेकंदाचें अंतर असतें. तेवढ्यांत नर्तकीचा हात पुढें सरकलेला असतो. जुन्या कांचेच्या नळीवर तीं एकामागून एक उमटत, म्हणून दोष दिसत नसे. संगणकाचा पडदा सबंध चित्र एकदम दाखवितो. त्यावर दोन क्षण एकांत एक गुंफले गेले, कीं हलणाऱ्या वस्तूच्या कडेला फणीचे दाते उगवतात. कधीं फाइल तयार करणारा विषम-समांचा क्रमच उलटा नोंदवितो. मग चित्र थोडें पुढें, थोडें मागें असें थरथरत चालतें. एका प्रकारच्या यंत्रांत खालचें अर्धचित्र प्रथम घेतात, दुसऱ्यांत वरचें. एवढ्याशा फरकानें सारी चाल बिघडते. स्थिर देखावा स्वच्छ आणि हलता देखावा थरथरता, ही या बिघाडाची अचूक खूण होय.

तिसरी अडचण चित्रपटानें आणली. बोलपटाचा वेग सेकंदाला २४ चौकटींचा. तो २५ च्या देशांत दाखवितांना सरळ किंचित् वेगानें फिरवीत. शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपे आणि गाण्याची पट्टी थोडी चढे. सूक्ष्म कान असलेल्या श्रोत्यालाच ती चढ जाणवे. अमेरिकेंत मात्र २४ चौकटींचीं ६० अर्धचित्रें करावयाचीं होतीं. तेथें एक चौकट दोन वेळां, पुढची तीन वेळां, असा लंगडा ठेका धरण्यांत आला. मूळ चौकटी वेंचून परत २४ च्या वेगानें मांडल्या नाहींत, तर तो लंगडेपणा तबकडीवर जसाच्या तसा उतरतो. भारतांतून अमेरिकेंत पाठविलेल्या लग्नकार्याच्या फितींचें उलट घडलें. तेथील अनेक यंत्रें २५ चित्रांची फीत घेतच नसत. मग प्रत्येक पांचवें चित्र दोनदां छापून ३० ची भरती केली जाई. त्यामुळें वधूवरांची मिरवणूक सेकंदाला पांच वेळां अडखळत पुढें सरके.

चौथा निर्णय रंगाचा. डिसेंबर १९५३ मध्यें अमेरिकेंत रंगीत चित्राच्या पद्धतीस मान्यता मिळाली. जुन्या काळ्या-पांढऱ्या यंत्रांवरही तेंच चित्र दिसावें अशी अट होती. रंगाची लहर आणि ध्वनीची लहर एकमेकींत मिसळून पडद्यावर नक्षी उमटूं नये, म्हणून चित्रांचा वेग हजारांत एक भागानें कमी करण्यांत आला. तीसाचे २९.९७ झाले. फरक क्षुल्लक दिसतो; पण फाइलीवर २९.९७ ऐवजीं ३० लिहिलें गेलें, तर एका तासांत चित्र ध्वनीच्या ३.६ सेकंद पुढें जातें. अर्ध्या तासानें गायकाचे ओठ आधीं कां मिटतात, त्याचें एक उत्तर १९५३ सालांत आहे.

चित्र साठवून ठेवण्याची कथा याहून उद्बोधक आहे. आरंभीं दूरचित्रवाणी साठवितां येत नसे. १९४७ च्या सुमारास अमेरिकेंत पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा मांडून नक्कल घेण्याची पद्धत निघाली. ६० अर्धचित्रांपैकीं ४८ फिल्मवर येत, बारा गळून जात. १९५६ सालीं ॲम्पेक्स कंपनीनें दोन इंच रुंदीच्या फितीवर चित्र नोंदविणारें यंत्र दाखविलें, आणि त्याच वर्षीं ३० नोव्हेंबरला त्यावरून बातम्या प्रसारित झाल्या. फीत महाग होती, आणि पुसून पुन्हां वापरतां येत होती. हा गुणच पुढें घातक ठरला. बी.बी.सी.नें साठ-सत्तरच्या दशकांत असंख्य कार्यक्रम पुसले. 'डॉक्टर हू' या मालिकेचे पुष्कळ जुने भाग आज उरले आहेत ते परदेशीं विक्रीसाठीं काढलेल्या फिल्मच्या प्रतींमुळें. त्यांतले नऊ भाग २०१३ सालीं नायजेरियांतून परत आल्याचें जाहीर झालें. मूळ गेलें, नक्कल राहिली.

याहून मोठी हानि चंद्रावरच्या चित्राची झाली. जुलै १९६९ मध्यें अपोलो ११ च्या कॅमेऱ्यानें सेकंदाला १० चित्रें, ३२० रेषांचीं, अशीं पृथ्वीकडे पाठविलीं. कारण एवढ्या अंतरावरून रुंद पट्टा पाठविण्याइतकी शक्ति यानांत नव्हती. घरांतील यंत्रांना हा वेग समजत नव्हता. म्हणून कॅलिफोर्नियांतील व ऑस्ट्रेलियांतील केंद्रांत एका पडद्यावर तें चित्र उमटवून त्यासमोर साधा कॅमेरा ठेवला गेला, आणि त्यांतून जें बाहेर पडलें तें जगानें पाहिलें. मूळ चित्र याहून स्पष्ट होतें. तें ज्या फितींवर नोंदलें होतें, त्यांचा नासानें पुढें शोध घेतला, आणि २००९ सालीं निष्कर्ष जाहीर केला कीं त्या फिती बहुधा पुसून दुसऱ्या कामास वापरल्या गेल्या. निरनिराळ्या ठिकाणच्या प्रसारित प्रती गोळा करून तें दृश्य शक्य तितकें सुधारलें गेलें. परंतु रूपांतरांत जें गळालें तें कोणत्याही यंत्रास परत आणतां आलें नाहीं.

या पार्श्वभूमीवर डी.व्ही.डी. पाहावी. १९९५ सालीं दोन प्रतिस्पर्धी गटांनीं एका नमुन्यावर समझोता केला आणि १ नोव्हेंबर १९९६ रोजीं जपानांत ती विक्रीस आली. तिनें जुने भेद मिटविले नाहींत. ते जतन केले. २५ च्या देशांसाठीं ७२० गुणिले ५७६ बिंदूंचें चित्र, २९.९७ च्या देशांसाठीं ७२० गुणिले ४८०. हे बिंदु चौरस नसतात. ते ताणून चार-तीनाच्या प्रमाणांत दाखवावयाचे असतात. हें ध्यानांत न घेतल्यास माणसें रुंद किंवा किडकिडीत दिसतात. ध्वनि सामान्यतः सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा असावा लागतो. संगणकांतील पुष्कळ फाइली ४४,१०० च्या असतात, म्हणून ध्वनि आधीं नीट बदलून घ्यावा लागतो. एका थराच्या तबकडीवर ४७० कोटि अक्षरें मावतात. चित्र परवानगीच्या कमाल वेगानें भरलें, तर तबकडी सुमारें एका तासांतच संपते. आणि घरीं भरलेली तबकडी त्या वेगाला पुष्कळ यंत्रांत मध्येंच थबकते. वेग थोडा उतरविला तर तीच तबकडी सुरळीत चालते.

आतां दोष ओळखण्याची रीत सोपी होते. आवाज पहिल्या क्षणापासून सारखाच मागें असेल, तर दोन्हींचा आरंभबिंदु चुकला आहे. ध्वनि तेवढा सरकवावा. अंतर हळूहळू, समान वाढत असेल, तर चित्राच्या वा ध्वनीच्या वेगाची नोंद चुकली आहे. अंतर एखाद्या ठिकाणीं एकदम वाढत असेल, तर तेथें फीत खराब आहे आणि उतरवितांना चौकटी गळाल्या आहेत. तबकडी पुन्हां भरून तें सुधारणार नाहीं, फीत पुन्हां चालवावी लागेल, आणि चित्राचा ताल सावरणारें यंत्र मध्यें जोडावें लागेल. चित्राच्या तळाशीं वळवळणारी पट्टी दिसली, तर घाबरण्याचें कारण नाहीं. फितीवरील वाचनशीर्षें जेथें बदलतात ती ती जागा होय. पूर्वीं ती दूरचित्रवाणीसंचाच्या चौकटीआड दडत असे.

सर्वांत मोठी चूक मात्र यांपैकीं कोणतीच नव्हे. चित्र एकदांचें सुरळीत दिसूं लागलें म्हणजे मूळ फीत टाकून देणें व पहिली फाइल पुसून टाकणें, ही ती चूक. फणीचे दाते घालविण्यासाठीं अर्धीं अर्धचित्रें टाकून दिलीं जातात. तबकडींत मावावें म्हणून बारीक तपशील गाळला जातो. आजच्या पडद्यास तें शोभतें, उद्यांच्या पडद्यास शोभेलच असें नाहीं. बी.बी.सी.च्या फिल्मवरील प्रतींत २५ चौकटीच उरल्या होत्या. इसवी सन २००० नंतर संगणकानें मधलीं अर्धचित्रें अनुमानानें रचून त्या कार्यक्रमांना मूळची चाल बव्हंशीं परत देण्याची रीत निघाली. जुनी प्रत कोणी सांभाळून ठेवली होती, म्हणूनच हें शक्य झालें.

वेळ मात्र थोडा आहे. पावसाळ्याच्या दमट हवेंत फितीवर बुरशी धरते, तिचा लेप सुटूं लागतो. जपानच्या फुनाई कंपनीनें जुलै २०१६ मध्यें घरगुती फीतयंत्रांचें उत्पादन थांबविलें, आणि अशीं यंत्रें बनविणारा शेवटचा मोठा कारखाना बंद झाला. २०१९ सालीं युनेस्कोच्या सहकार्यानें जगभरच्या संग्राहकांस सूचना देण्यांत आली कीं चुंबकीय फिती वाचणारीं यंत्रें दुर्मिळ होत चाललीं आहेत. कपाटांतील गठ्ठ्यांत बहुधा चंद्रावरचें पाऊल नसतें. एखाद्या आजीचा आवाज असतो, एखाद्या नाट्यसंगीताच्या मैफलीचा तुकडा असतो. परंतु त्याची दुसरी प्रत जगांत कोठेंही नसते. म्हणून ज्या घरीं फीत चालविणारें यंत्र अद्याप आहे, तेथें पहिलें काम एकच: फीत जशी आहे तशी, तिच्याच वेगानें, तिच्या दोन्ही अर्धचित्रांसह, कांहींही न सुधारतां उतरवून ठेवणें. सुधारणा नंतर, आणि ती नेहमीं नकलेवर.