उपाहारगृहातील बिलिंग यंत्रणेची देखभाल

उपाहारगृहात ग्राहकाची मागणी नोंदवणे, ती स्वयंपाकघरात पोहोचवणे, बिल छापणे आणि जमा रकमेचा हिशेब ठेवणे ही कामे करणाऱ्या संगणकीय यंत्रणेस बिलिंग यंत्रणा किंवा पॉइंट ऑफ सेल (पीओएस) यंत्रणा असे म्हणतात. ती अखंड चालावी आणि तिच्यातील नोंदी बिनचूक व सुरक्षित राहाव्यात, यासाठी नियमितपणे करावयाच्या कामांना तिची देखभाल म्हणतात. बिघडलेले यंत्र बदलता येते. परंतु नोंदी नष्ट झाल्यास कर, रोकड व कर्मचाऱ्यांची जबाबदारी या तिन्हींचा पुरावा नाहीसा होतो. म्हणून देखभालीत नोंदींच्या जतनास दुरुस्तीइतकेच महत्त्व असते.

इतिहास

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डेटन येथे मद्यगृह चालवणारे जेम्स रिटी यांनी १८७९ मध्ये रोकड नोंदवणारे यंत्र तयार केले. गल्ल्यातील अफरातफर रोखणे हा त्यामागील हेतू होता. १९८६ मध्ये जीन मोशर यांनी स्पर्शपटलावर चालणारी उपाहारगृहासाठीची संगणकप्रणाली सादर केली. भारतात २०१६ मध्ये यूपीआय सेवा सुरू झाली आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. यानंतर लहान उपाहारगृहांनाही संगणकीय बिलाची गरज अधिक भासू लागली.

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) पिंपरी-चिंचवड, भोसरी व पुढे चाकण या भागांत कारखानदारी विस्तारली. कारखान्यांतील काम पाळ्यांत चालत असल्याने येथील उपाहारगृहांत जेवणाच्या सुट्टीत व पाळी सुटताना गर्दी एकवटते. अशा वेळी यंत्रणा थोडा वेळ जरी बंद पडली, तरी मागण्या व बिले यांचा मेळ बिघडू शकतो. त्यामुळे प्रणाली अद्ययावत करणे, मेन्यूतील दर बदलणे यांसारखी कामे गर्दी नसलेल्या वेळी करणे सोयीचे ठरते. परिसरातील अनेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. ज्या उपाहारगृहांचे बहुतेक ग्राहक कामगार आहेत, त्यांना हा दिवस उपयोगी पडतो. मध्यरात्रीनंतर बंद होणाऱ्या उपाहारगृहात ‘दिवसअखेर’ कोणत्या वेळी करावयाची, हे यंत्रणेत आधीच ठरवावे लागते. अन्यथा एकाच रात्रीची विक्री दोन तारखांत विभागली जाते.

यंत्रसामग्रीची निगा

यंत्रणेत गल्ल्यावरील संगणक, बिल छापणारा प्रिंटर, स्वयंपाकघरातील केओटी प्रिंटर, राउटर व यूपीएस यांचा समावेश होतो. कॅप्टनने किंवा वेटरने नोंदवलेली मागणी ज्या चिठ्ठीवर छापली जाते, तिला केओटी म्हणतात.

थर्मल प्रिंटरमध्ये शाई नसते. तापलेल्या छपाई-शीर्षामुळे कागदावरील रासायनिक थर काळा होतो. यासाठी सामान्यतः ८० किंवा ५८ मिलिमीटर रुंदीचे रोल वापरले जातात. छपाईत उभी पांढरी रेघ उमटल्यास शीर्षावर मळ साचलेला असतो किंवा त्याचा काही भाग निकामी झालेला असतो. वीज बंद करून, शीर्ष थंड झाल्यावर ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसतात. स्वयंपाकघरातील तेलकट वाफ व पीठ यांमुळे तेथील प्रिंटर अधिक वेळा स्वच्छ करावा लागतो. उष्णता व प्रकाश यांमुळे थर्मल कागदावरील अक्षरे पुसट होतात. त्यामुळे छापील प्रतीवर विसंबून राहता येत नाही.

राउटर पुन्हा सुरू झाल्यावर प्रिंटरचा जाळ्यातील पत्ता बदलू शकतो आणि मग केओटी स्वयंपाकघरात पोहोचत नाही. यावर उपाय म्हणून प्रिंटरला कायमचा पत्ता दिला जातो. संगणकाबरोबर राउटरही यूपीएसला जोडणे आवश्यक असते.

नोंदींची सुरक्षा

दररोजच्या नोंदींची प्रत दुकानाबाहेर किंवा वेगळ्या साठवण साधनावर ठेवतात. ती प्रत प्रत्यक्षात उघडते का, याची अधूनमधून चाचणी घ्यावी लागते. प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र पासवर्ड असल्यास बिल कोणी रद्द केले किंवा सवलत कोणी दिली हे समजते आणि निर्दोष कर्मचाऱ्यावर संशय येत नाही. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने जुन्या संगणकांच्या सुरक्षिततेकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

करविषयक नोंदी

१५ नोव्हेंबर २०१७ पासून सर्वसाधारण उपाहारगृहांना इनपुट टॅक्स क्रेडिटविना ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू आहे. बिलावर तो केंद्र व राज्य यांचा प्रत्येकी २.५ टक्के असा दाखवतात. मद्य या कराच्या कक्षेबाहेर असून त्यावर मूल्यवर्धित कर लागतो. म्हणून परमिट रूमच्या यंत्रणेत मद्य व खाद्यपदार्थ यांचे गट वेगळे ठेवतात. कंपोझिशन योजनेतील उपाहारगृहास ग्राहकाकडून कर वेगळा आकारता येत नाही. १ जानेवारी २०२२ पासून सर्वसाधारण उपाहारगृहांच्या ॲपवरील विक्रीचा कर ॲप चालवणारी कंपनी भरते, त्यामुळे त्या विक्रीचे खाते स्वतंत्र असावे लागते.

कर-बिलांचे क्रमांक सलग, आर्थिक वर्षात पुनरावृत्ती न होणारे आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचे असावे लागतात. बिलावर १४ अंकी अन्न सुरक्षा परवाना किंवा नोंदणी क्रमांकही छापावा लागतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवा शुल्क बिलात आपोआप जोडता येत नाही. यंत्रणेत तशी योजना असल्यास ती काढावी लागते. कराच्या हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जतन कराव्या लागतात.

यंत्रणा बंद पडल्यास

अशा प्रसंगासाठी क्रमांक छापलेली बिलवही, कार्बन प्रतीची केओटी वही व दरपत्रक गल्ल्यावर ठेवतात. यंत्रणा सुरू झाल्यावर हस्तलिखित बिलांची नोंद त्यांच्या मूळ क्रमांकाच्या उल्लेखासह करतात, जेणेकरून तीच विक्री दोनदा मोजली जात नाही. शेवटी रोकड, कार्ड व यूपीआयची जमा रक्कम बिलांच्या एकूण रकमेशी ताडून पाहतात.