गारिंचा : जनतेचा आनंद

ब्राझीलच्या फुटबॉलचा इतिहास बहुधा पेलेभोवती फिरतो. गारिंचावाचून तो अपुरा आहे, असे आम्हांस वाटते. १९३३ साली पाउ ग्रांदे या गिरणीगावात जन्मलेल्या या खेळाडूचे दोन्ही पाय एकाच दिशेला वाकलेले होते. तो उजवीकडूनच निसटणार हे ठाऊक असूनही बचावपटू फसत. १९६२च्या विश्वचषकात पेले जायबंदी झाल्यावर इंग्लंड व चिली यांच्याविरुद्ध प्रत्येकी दोन गोल करून त्यानेच संघाला अंतिम फेरीत नेले. देशासाठी ५० सामने खेळून तो हरला एकच. ‘जनतेचा आनंद’ हे त्याचे बिरुद. मद्यासक्तीने पोखरलेला गारिंचा १९८३ मध्ये, ४९व्या वर्षी, दारिद्र्यात वारला. अंत्ययात्रेला लोटलेली जनता त्याच्या पडत्या काळात कोठे होती, हा प्रश्न इतिहासकाराने टाळू नये.