सीक्रीची बैठक, असोळण्याचा किल्ला

रोदोल्फो अक्वाव्हिवा हा इटलीतल्या एका उमराव घराण्यातला जेझुइट पाद्री. फेब्रुवारी 1580 च्या अखेरीस तो अकबर बादशहाच्या दरबारात फतेहपूर सीक्रीला पोचला आणि तीन वर्षे तिथे राहिला. या काळात त्याने भर दरबारात, मौलवींच्या तोंडावर, इस्लामविरुद्ध कडक शब्द वापरले. त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. 1583 मध्ये तो गोव्याला परतला आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात साष्टीतल्या कुंकळ्ळी गावी मारला गेला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. ज्या राज्यात त्याला परका म्हणून धोका असायला हवा होता तिथे तो निर्धास्त वावरला, आणि जिथे त्याच्याच धर्माची, त्याच्याच बाजूची सत्ता होती तिथे त्याचा जीव गेला. माणूस तोच, श्रद्धा तीच, स्वभावही तोच. मग बदलले काय? धर्माधर्मांतल्या संवादाविषयी आज परिषदा भरतात, ठराव होतात, राष्ट्राराष्ट्रांतल्या शांततेशी त्याचा संबंध सांगितला जातो. त्या सगळ्याच्या मुळाशी हा प्रश्न आहे असे मला वाटते. सद्‌भाव, वक्तृत्व, मतांचा मेळ या गोष्टी संवादात मागाहून येतात. समोरच्याचा जीव, घर आणि देव यांना अभय आहे की नाही, हे आधी ठरावे लागते. सीक्री आणि कुंकळ्ळी यांतला फरक इथेच आहे.

अकबराने 1575 मध्ये सीक्रीला इबादतखाना बांधला तेव्हा त्यात इतर धर्मीयांना जागा नव्हती. गुरुवारी रात्री तिथे मुसलमान विद्वानच जमत, आणि त्यांच्यातच बसण्याच्या जागांवरून तंटे सुरू झाले. शेवटी बादशहाने दिशा वाटून दिल्या: सय्यद पश्चिमेला, उलेमा दक्षिणेला, शेख उत्तरेला, अमीर-उमराव पूर्वेला. तरी भांडणे मिटली नाहीत. एका हदीसच्या अर्थावरून दोन आलिम एकमेकांना काफर ठरवायला निघतात हे बादशहाने डोळ्यांनी पाहिले. पुढे ब्राह्मण, जैन, पारशी, ख्रिस्ती यांना दार उघडले गेले. नवसारीहून दस्तूर मेहेरजी राणा आले, गुजरातेतून जैन आचार्य हीरविजयसूरी पायी चालत आले. गोव्यालाही बादशहाने पत्र धाडले. धर्मशास्त्र जाणणारे दोन पाद्री आपले ग्रंथ घेऊन यावेत, त्यांनी भीती बाळगू नये, त्यांचा मान राखला जाईल, परत जावेसे वाटेल तेव्हा जाता येईल आणि त्यांच्या रक्षणाची जबाबदारी आपली, असा त्या पत्राचा आशय होता. निमंत्रणातच परतीची वाट लिहून दिलेली होती. या एका गोष्टीकडे इतिहासकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही.

गोव्याहून तिघे निघाले. अक्वाव्हिवा, कातालुनियातला आंतोनिओ मोन्सेरात, आणि मूळचा होर्मुझचा, इस्लाम सोडून ख्रिस्ती झालेला दुभाषी फ्रान्सिस्को हेन्रिकिश. त्यांनी अँटवर्पला छापलेले बहुभाषी बायबल बरोबर नेले होते. त्यात हिब्रू, ग्रीक, लॅटिन अशा भाषांचे पाठ शेजारीशेजारी छापलेले होते. बादशहाने पगडी उतरवून त्याचा एकेक खंड डोक्याला लावला आणि त्याचे चुंबन घेतले, असे मोन्सेरातने नोंदवले आहे. या कृतीत पाद्र्यांना धर्मांतराची आशा दिसली. ती खोटी ठरली. बादशहा आदर दाखवत होता आणि पाद्री त्याचा अर्थ शरणागती असा लावत होते. परक्याच्या सौजन्यातून आपल्याला हवा तो अर्थ काढण्याची ही चूक सगळ्याच संवादांत होते. त्यामुळे संवाद अवघड होतो, पण तुटत नाही.

वादातून निष्पन्न काय झाले, हे पाहायचे तर अग्निदिव्याचा प्रसंग पुरेसा आहे. एकाने कुराण घेऊन आणि दुसऱ्याने बायबल घेऊन आगीत शिरावे, जो वाचेल त्याचा धर्म खरा, अशी गोष्ट दरबारात निघाली. बादशहाचा दरबारी इतिहासकार अबुल फजल लिहितो की पाद्री तयार होता आणि मौलवी कचरले. त्याच दरबारातला कट्टर मताचा बदायुनी लिहितो की शेख तयार होता, धीर झाला नाही तो फिरंग्यांना. मोन्सेरातच्या हकिकतीत पाद्री असे दिव्य करणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे असे सांगून नकार देतात. तिघेही त्या काळचे, दरबार जवळून पाहिलेले. तरी प्रसंग एक आणि हकिकती तीन. वादात हार-जीत ठरवू पाहिली की प्रत्येक जण आपापला विजय घरी घेऊन जातो, याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. इबादतखान्यातल्या वादाने कोणाचेही मन पालटले नाही. बादशहा ख्रिस्ती झाला नाही, पाद्री नरमले नाहीत, बदायुनी अखेरपर्यंत कडवट राहिला.

यावर कोणी म्हणेल, हा सगळा राजकारणाचा खेळ होता. आक्षेप वजनदार आहे. हजला जाणाऱ्या जहाजांना पोर्तुगीजांचा कर्ताझ, म्हणजे समुद्री परवाना, घ्यावा लागे. बादशहाची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा त्या परवान्यापायी तिला सुरतेकडे खोळंबून राहावे लागले. परवान्यावर मेरी आणि येशू यांची चित्रे असत, म्हणून अशा मार्गाने हज करणे बंधनकारक नाही असा फतवा एका बड्या आलिमाने दिला होता. पाद्री सीक्रीत असतानाच दमणच्या बाजूला मोगल सरदाराने पोर्तुगीज मुलखावर चाल केली. म्हणजे बैठकीत चर्चा आणि सरहद्दीवर तलवार, दोन्ही एकाच वेळी चालू होते. हे मान्य करूनही मी म्हणेन की आक्षेपाचा रोख चुकतो. राज्यांच्या मनात हेतू असणारच. हेतूशिवाय कोणीही दूत पाठवत नाही. पाहायचे ते असे की दमणकडे चकमक झाली त्या दिवसांतही सीक्रीतले पाद्री ओलीस झाले नाहीत. त्यांनी बादशहापुढे गाऱ्हाणे मांडले आणि ते ऐकून घेतले गेले. दोन सत्तांचे बिनसलेले असताना दोघांमध्ये बोलू शकणारी चार माणसे जिवंत आणि विश्वासातली असणे, ही शांततेच्या बाजूची लहान पण खरी कमाई आहे. 1583 मध्ये निघताना अक्वाव्हिवाने भेटी नाकारल्या आणि राजमातेच्या पदरी असलेल्या एका रशियन गुलाम कुटुंबाची सुटका तेवढी मागितली. ती त्याला मिळाली. तीन वर्षांच्या वादविवादात कोणी कोणाला पटवू शकले नाही, पण एक कुटुंब मोकळे झाले.

दुसरे फळ वादाच्या बैठकीबाहेर धरले. 1582 मध्ये बादशहाने महाभारताचा फारसी तर्जुमा करायला घेतला; तोच ‘रज्मनामा’. ब्राह्मण पंडित अर्थ सांगत आणि दरबारचे लेखक तो फारसीत उतरवत. बदायुनीला हे काम मनापासून नकोसे होते, तरी त्याला त्यात बसावे लागले आणि पुढे रामायणाच्या तर्जुम्यावर चार वर्षे घालवावी लागली. समोरच्याचा ग्रंथ शब्दाशब्दाने उलगडताना त्याला खोडून काढायला सवड मिळत नाही. आधी तो समजून घ्यावा लागतो. दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांचे ग्रंथ वाचावेत म्हणजे आंधळा द्वेष कमी होईल, अशा अर्थाचा विचार अबुल फजलने त्या तर्जुम्याच्या प्रस्तावनेत मांडला. माझ्या मते इबादतखान्याहून तर्जुम्याची ही कचेरी मोठी.

आता साष्टीकडे येऊ. 1543 पासून हा प्रदेश पोर्तुगीजांकडे होता. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालय, बसले, 1567 मध्ये साष्टीतली देवळे मोठ्या प्रमाणावर पाडली आणि जाळली गेली. कुंकळ्ळी, वेळ्ळी, असोळणा या भागातल्या गावकऱ्यांनी पाद्र्यांना आणि वसुलीला विरोध केला, पाडलेली देवळे पुन्हा उभी केली. मग लष्करी मोहिमा झाल्या, पुन्हा देवळे पडली, आणि या मोहिमांबरोबर काही जेझुइटही होते, हे जेझुइटांच्याच लिखाणातून कळते. अक्वाव्हिवा सीक्रीहून येऊन साष्टीतल्या जेझुइटांचा प्रमुख झाला तो या पार्श्वभूमीवर. जुलैच्या त्या दिवशी तो आणि त्याचे चार सोबती क्रूस आणि चर्च कुठे उभारायचे याची जागा पाहायला कुंकळ्ळीत गेले. त्यांच्या हातात शस्त्र नव्हते. पण गावकऱ्यांच्या डोळ्यांपुढे पाडलेले देऊळ होते, आणि त्यांच्या लेखी आलेली माणसे पाडणाऱ्यांचीच होती. गावकरी धावून गेले. पाचही जेझुइट आणि त्यांच्यासोबतचे काही जण मारले गेले. निःशस्त्र माणसांची ही हत्या होती, तिचे समर्थन होऊ शकत नाही. पण ती समजून घ्यायची तर अक्वाव्हिवाला सीक्रीत जे मिळाले ते कुंकळ्ळीच्या माणसाला त्याच्या स्वतःच्या गावात कधी मिळाले होते का, हे विचारावे लागते. मौलवींच्या मशिदीवर कोणी कुदळ चालवत नव्हते, म्हणून ते पाद्र्याचे कठोर बोल सहन करू शकले. कुंकळ्ळीकराला ती चैन नव्हती.

पुढे जे झाले ते मला जास्त अस्वस्थ करते. हत्येनंतर पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले. परंपरेने सोळा जण गेल्याचे सांगतात. ते आत गेल्यावर त्यांना ठार करण्यात आले. एकाने साळ नदीत उडी टाकून जीव वाचवला. गावांच्या जमिनी जप्त झाल्या. सीक्रीच्या निमंत्रणात परतीची हमी होती, असोळण्याच्या निमंत्रणात दगा होता. ज्या भूमीत बोलणी करायला बोलावून माणसे मारली जातात, तिथे पुढे ‘बसा, बोलू या’ या शब्दांवर कोण विश्वास ठेवील? बोलण्यावरचा हा विश्वास गेला की तो परत यायला शतके लागतात.

अकबराचे उदाहरण टिकाऊ नव्हते, असेही कोणी म्हणेल. खरे आहे. 1585 मध्ये दरबार लाहोरकडे गेला, सीक्री ओस पडली. इबादतखान्याची नेमकी जागाही आज ठामपणे दाखवता येत नाही. एका राजाच्या मर्जीवर उभी असलेली बैठक त्याच्या मर्जीपुरतीच टिकणार. म्हणूनच मला याच साष्टीतला आणखी एक माणूस महत्त्वाचा वाटतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला. कुंकळ्ळीच्या त्या पाच जणांचे मृतदेह मिळवण्याचे काम त्याच्याकडे आले होते. 1583 च्याच ऑक्टोबरमध्ये त्याने भावाला पत्र लिहिले, त्यात इथल्या भाषा कानाला गोड आहेत आणि त्यांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे असे म्हटले. सोबत्यांचे खून ताजे असताना माणूस मारेकऱ्यांच्या भाषेचे व्याकरण न्याहाळतो आहे, हे मला विलक्षण वाटते. पुढे तीस-पस्तीस वर्षे तो त्या भाषेत मुरला आणि 1616 मध्ये राचोलला ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले: अकरा हजारांच्या आसपास ओव्या, कोंकणीचा वास असलेल्या मराठीत. ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्र्याला विचारतो की जुनी पुराणे सोडली, मग आम्ही वाचायचे काय. तिथून ग्रंथ सुरू होतो. स्वर्गाला स्टीफन्स वैकुंठ म्हणतो. हेतू धर्मप्रसाराचाच होता, तो लपवण्याचे कारण नाही, आणि तलवारीने रिकाम्या केलेल्या जागेत हा ग्रंथ आला हेही विसरता येणार नाही. तरीही त्यात ऐकणाऱ्याच्या छंदाला आणि शब्दांना मान आहे. तो मान सत्तेला पुढे परवडला नाही: 1684 मध्ये व्हाइसरॉयने लोकभाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागावे असा हुकूम काढला. अभय गेले होतेच, भाषाही काढून घेण्याचा तो प्रयत्न होता.

हुकूम तडीस गेला नाही. भाषेसारखी देवीही टिकली: कुंकळ्ळीची शांतादुर्गा जवळच्या फातर्प्याला हलवली गेली होती. शिमग्याच्या दिवसांत ती आपल्या मूळ गावी येते. मिरवणुकीत बारा छत्र्या असतात, गावच्या बारा वांगडांची, म्हणजे कुळांची, एकेक. गुलाल उधळला जातो, छत्र्या नाचवल्या जातात. त्या वांगडांतली बरीच घरे चारशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाली, पण वांगड म्हणून त्यांचे नाते संपले नाही, आणि गावचे ख्रिस्ती लोकही या उत्सवात सामील होतात. कुठल्याही परिषदेने हे घडवले नाही. एकमेकांच्या दैवताला वाट मोकळी ठेवायची, एवढ्या रिवाजावर ते चालू आहे. 1893 मध्ये रोमने त्या पाच जेझुइटांना धन्य घोषित केले, आणि असोळण्यात मारल्या गेलेल्या पुढाऱ्यांचे स्मारक या शतकात उभे राहिले. दोन्हींची आठवण आज एकाच गावात आहे. कुंकळ्ळीला जाल तेव्हा दोन्हीकडे जा.