पडलेला चिमटा

दरेकसा हे गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातलं, छत्तीसगडच्या हद्दीजवळचं गाव. डोंगर, जंगल आणि त्यातून जाणारी रेल्वे. या भागात नोकरी करून निवृत्त झालेल्या एका नर्सबाईंना मी लसीकरणाच्या जुन्या दिवसांबद्दल विचारलं, तर त्या लसीबद्दल बोलल्याच नाहीत, स्टोव्हबद्दल बोलल्या. काचेच्या सिरिंज आणि सुया पातेल्यात टाकायच्या, उकळी फुटल्यावर वीस मिनिटं मोजायची, मग निवायची वाट पाहायची. जितक्या सुया तितकीच मुलं, की पुन्हा पातेलं चढवायचं. बाहेर बाया ताटकळलेल्या, त्यांची रोवणी खोळंबलेली. ‘किती टोचले?’ असं वरून विचारलं जाई. ‘किती वेळ उकळलं?’ असं मात्र कुणी विचारलं नाही, म्हणाल्या.

हा प्रश्न न विचारल्याने काय होतं, याची एक जुनी गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुढे परळला त्यांची मोठी प्रयोगशाळा झाली. पंजाब सरकारने लशीची प्रचंड मागणी नोंदवली, तेव्हा काम लवकर उरकावं म्हणून कार्बोलिक आम्ल घालण्याची पायरी गाळून लस केवळ उष्णतेने निर्जंतुक करण्यात आली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतल्या १९ जणांना एकाच, ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतली लस मिळाली होती. ते एकोणीसही धनुर्वाताने गेले. बाकीचे सुखरूप राहिले.

चौकशी आयोगाने ठपका ठेवला परळच्या प्रयोगशाळेवर. हाफकिन निलंबित झाले, १९०४ मध्ये देश सोडून गेले. पण जबाबांतच एक साधी गोष्ट नोंदली गेली होती. बाटलीचं बूच काढायचा चिमटा कंपाउंडरच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरायला हवा होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळला आणि वापरला. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि असल्या बुचकळण्याने ते मरत नाहीत. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून हा मुद्दा लावून धरला, तेव्हा कुठे १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं.

मला त्या कंपाउंडरलाही सगळा दोष द्यावासा वाटत नाही. समोर रांग आणि हातात मोजकी हत्यारं असली, की आधी काटछाट होते ती न दिसणाऱ्या मिनिटांची. शिवाय नुसतं उकळणंही या बीजाणूंना पुरत नाही. त्यांना दाबाखालची १२१ अंशांची वाफ पंधरा मिनिटं तरी लागते. म्हणून पुढे लसीकरणासाठी कुकरसारखे वाफेचे डबे आले. प्रत्येक डबा म्हणजे पुन्हा इंधन, घड्याळ आणि एक माणूस.

२००५ नंतर सरकारी लसीकरणात एकदा वापरली की आपोआप निकामी होणारी सिरिंज आली आणि लशीपुरता तरी स्टोव्ह विझला. नर्सबाई मात्र हसल्या. म्हणाल्या, ‘उकळणं गेलं, पण आता प्रत्येक सुई कापायची, मोजायची, तिची विल्हेवाट लावायची. तेही काम आमचंच की.’