लाख मतांचा तिसरा उमेदवार

निवडणूक आटोपली की गावच्या पारावर एक वाक्य हमखास कानी येते: ‘तिसऱ्याने मते खाल्ली.’ दुसरीकडे, आपल्या ज्ञातिसंस्थेच्या बैठकीत ‘आपलाही एक अपक्ष उभा करू या’ असा विषय अधूनमधून निघतो. या तिसऱ्या उमेदवाराचे खरे बळ किती, हे आपल्याच मतदारसंघाच्या इतिहासावरून पाहावे, या हेतूने आम्ही हा अल्पसा लेख ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

आपला देवळा तालुका चांदवड विधानसभा क्षेत्रात व पर्यायाने दिंडोरी लोकसभा मतदारसंघात मोडतो. पुनर्रचनेनंतर २००९ साली दिंडोरीची पहिली निवडणूक झाली. भारतीय जनता पक्षाचे हरिश्चंद्र चव्हाण यांस २,८१,२५४ व राष्ट्रवादी काँग्रेसचे नरहरी झिरवाळ यांस २,४३,९०७ मते पडली. अंतर ३७,३४७ मतांचे. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे जिवा पांडू गावित यांस मात्र १,०५,३५२ मते मिळाली होती. त्यांतील दर शंभरांपैकी छत्तीसांनी झिरवाळांस मत दिले असते आणि उरलेले घरीच बसले असते, तरी निकाल पालटला असता.

एवढ्यावरून गावितांनी मते खाल्ली असे म्हणणे न्यायाचे होईल काय? ते सुरगाणा-कळवण भागातून अनेकवार विधानसभेवर निवडून गेलेले. वनजमिनीच्या हक्काचा प्रश्न घेऊन त्यांच्या पक्षाने आदिवासी शेतकऱ्यांत वर्षानुवर्षे काम केलेले. ती मते कोणाच्या ताटातून उचललेली नव्हती. शिवाय त्या मतदारांची दुसरी पसंती कोणती, हे आपली मतदानपद्धती विचारीतच नाही.

पुढे २०१९ साली हेच गावित पुन्हा उभे राहिले व त्यांस पुन्हा एक लक्ष नऊ हजारांवर मते पडली. परंतु या खेपेस भाजपच्या डॉ. भारती पवार यांनी राष्ट्रवादीचे धनराज महाले यांस १,९८,७७९ मतांनी मागे टाकले होते. गावितांची सर्व मते महाल्यांकडे वळती, तरी फरक पडता ना. तात्पर्य, तिसऱ्याचे बळ केवळ त्याच्या मतांत नसते. पहिल्या दोघांतील अंतर त्याला लहान किंवा मोठा करते.

२०२४ साली गावितांनी माघार घेऊन राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे उमेदवार, पेशाने शिक्षक असलेले भास्कर भगरे यांस पाठिंबा दिला. छोट्या पक्षाचा प्रभाव असा माघारीतूनही पडतो. भगरे यांचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. त्याच निवडणुकीत बाबू भगरे नावाचे अपक्ष उभे होते व त्यांचे चिन्ह होते नुसती ‘तुतारी’. त्यांस १,०३,६३२ मते मिळाली. भास्कर भगरे १,१३,१९९ मतांनी विजयी झाले म्हणून बरे. अंतर थोडके असते, तर केवळ नाव आणि चिन्ह यांच्या साम्याने निकाल फिरला असता.

२० मे रोजी मतदान करून परतलेल्या एका वृद्ध मावशींनी आम्हांस समाधानाने सांगितले, ‘गुरुजी, तुतारीला दिलं.’ कोणत्या तुतारीला, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. मत गुप्त असते हे एक कारण. आणि त्यांचे समाधान मोडवेना, हे दुसरे.

अंतर किती थोडके असू शकते, हे शेजारच्या मालेगावने त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत दाखविले. मालेगाव मध्य येथे मुफ्ती इस्माईल अवघ्या १६२ मतांनी निवडून आले. तेथे तिसऱ्या व चौथ्या क्रमांकाच्या उमेदवारांस हजारो मते होती.

दिंडोरीतील तिसऱ्याची मते तिन्ही वेळा लाखाच्या आसपासच. परंतु गावितांच्या मतांमागे प्रश्न होता व वर्षांची सेवा होती. आपल्या संस्थेनेही ही कसोटी आधी स्वतःस लावावी. सांगण्यासारखा प्रश्न व दाखविण्यासारखे काम असेल, तर खुशाल उमेदवार द्यावा. कोणी ‘मते खाल्ली’ म्हटल्यास लाजू नये. केवळ ज्ञातीच्या नावावर मते मागावयाची असतील, तर मात्र तो मोह आवरावा.

तोवर एक काम आपल्या तरुणांच्या हातचे आहे. मतदानापूर्वी घरोघरच्या वडीलधाऱ्यांस सर्व उमेदवारांची नावे व चिन्हे नीट वाचून दाखवावीत. कोणास मत द्यावे हे सांगू नये. ज्याला द्यावयाचे त्यालाच ते पोहोचेल, एवढेच पाहावे.