'लमाण' : एका शल्यवैद्याचे रंगभूमीकडे परतणे

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव हे गाव रेणुकादेवीच्या मंदिरामुळे परिचित आहे. बालाघाटाच्या डोंगररांगांना लागून असलेल्या या टापूत बंजारा समाजाचे तांडे विखुरलेले असून, तेथील शेतकऱ्याच्या तोंडी 'लमाण' हा शब्द येतो तो शेजाऱ्याचे नाव म्हणून. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलूख तुडविण्याचा या समाजाचा जुना व्यवसाय आगगाडी आणि पक्क्या सडका आल्यावर लयास गेला. शब्द मात्र राहिला. त्याचा संबंध संस्कृत 'लवण' शब्दाशी जोडण्याचा प्रघात आहे. परंतु मराठीत 'लवण' याचे क्रमप्राप्त रूप 'लोण' असे होते, व 'लोणचे' हा शब्द त्याची साक्ष देतो. तेव्हा 'लमाण' हे नाव मराठीला सरळ वारशाने मिळाले नसून वाटेवरच्या कोणत्या तरी भाषेतून आले असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

याच शब्दाने डॉ. श्रीराम लागू (१९२७–२०१९) यांनी आपल्या आत्मचरित्राचे नामकरण केले. नट हा मालाचा धनी नव्हे, नाटककाराचा माल प्रेक्षकांपर्यंत नेऊन पोहोचविणारा वाहक होय, ही त्या नावामागील कल्पना. चाळिशी उलटताना वैद्यकीचा स्थिरावलेला व्यवसाय सोडून ते नाटकाकडे वळले, ही घटना आता सर्वविदित आहे आणि तिचे वर्णन बहुधा 'त्याग' या शब्दाने केले जाते. हा शब्द उचित आहे काय, याचा विचार करणे अगत्याचे वाटते.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात या घटनेला एक पूर्वपीठिका आहे. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५) यांना तारुण्यातच नाटकाचा नाद लागला व त्यापायी विद्याभ्यास मागे पडला. पुढे संसाराच्या सोयीसाठी त्यांनी बेळगावी शिक्षकाची नोकरी केली. त्यानंतर ते पुण्यास रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत लागले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतला'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला, तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते. त्या काळच्या आयुर्मानाचा विचार करता हे वय उताराकडे झुकणारेच म्हणावयाचे. त्यानंतर त्यांना अवघी पाच वर्षे लाभली. त्या पाच वर्षांत 'सौभद्र' आणि 'रामराज्यवियोग' झाले, आणि संगीत नाटकाची परंपरा उभी राहिली.

येथे मराठी भाषेची एक लकब ध्यानात घेण्याजोगी आहे. 'नाद' लागतो, तो सुटतो किंवा सोडवावा लागतो. नोकरी मात्र 'धरावयाची' असते. एकोणिसाव्या शतकातील पांढरपेशा कुटुंबांत मुलाने नाटकाचा नाद सोडून नोकरी धरली, की तो मार्गाला लागला असे समजले जाई. 'नाटक्या' हा शब्द कौतुकाने क्वचितच उच्चारला गेला असेल. रेणुकेच्या गोंधळात उभा राहणाऱ्या गोंधळ्याच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवतच नाही. त्याचे गाणे आणि सोंग हा त्याच्या घराण्याकडे चालत आलेला धर्म असतो व उपजीविकाही. आवड एका बाजूला व पोट दुसऱ्या बाजूला, ही फाळणी शाळा, कचेरी आणि पदवी यांनी केली. किर्लोस्कर व लागू हे दोघेही त्या फाळणीचे वारस होत.

लागूंचा जन्म सातारचा, शिक्षण पुण्याचे. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात असताना त्यांना अभिनयाची गोडी लागली. कान, नाक व घसा यांच्या शल्यक्रियेत त्यांनी प्रावीण्य संपादन केले, अधिक शिक्षणासाठी कॅनडा व इंग्लंड येथे वास्तव्य केले आणि पुण्यात व्यवसाय मांडला. (घशाच्या वैद्याचा आवाजच पुढे रंगभूमीवर गाजला, या योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये.) तथापि या काळात नाटक सुटले होते असे म्हणता येत नाही. भालबा केळकर यांच्यासमवेत प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये आणि मुंबईच्या 'रंगायन'मध्ये त्यांचे काम चालूच होते. १९५४ पासून सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेने नोकरीधंद्यातील अशा हौशी नटांना एक सन्मान्य व्यासपीठ दिले होते. दिवसा दवाखाना आणि रात्री तालीम ही व्यवस्था पुण्यामुंबईत शक्य होती, रूढ होती आणि कोणाच्या डोळ्यांवर येणारीही नव्हती.

खरा खंड पडला तो परदेशी. १९६० नंतरच्या दशकात लागूंनी टांझानियातील टबोरा येथे शल्यवैद्य म्हणून काम केले. आपल्या विवेचनाचा कणा येथे आहे. शल्यवैद्याची विद्या देशोदेशी चालते. पुण्यात शिकलेला हात टबोऱ्यातही तेच शस्त्र तितक्याच कुशलतेने धरतो, कारण शरीराला भाषा नसते. नटाची गोष्ट निराळी. त्याचे साधन वाणी, आणि ती वाणी एका विशिष्ट भाषेच्या स्वरांत, आघातांत, विरामांत मुरलेली असते. वाक्याच्या शेवटी आवाज कोठे खाली ठेवावा, 'हो' या एकाक्षरी शब्दाने होकार, संशय की तिरस्कार सुचवावा, हे ज्यांच्या कानांना कळते असे श्रोते समोर नसतील तर त्याचे कसब बंद पेटीत पडून राहते. नाटकाची हौस मनात कितीही तीव्र असो, मराठी प्रेक्षकाविना मराठी नट नाही. या दृष्टीने पाहता लागूंचे परतणे हे एका छंदाकडे परतणे नव्हे. ते एका भाषाप्रदेशात परतणे होय. पुढे त्यांनी हिंदी चित्रपटांत विपुल कामे केली, हे खरे. परंतु त्यांतील बहुतेक भूमिकांत त्यांच्या उच्चारशक्तीला जेमतेमच वाव मिळाला, असे मत नोंदविण्यास हरकत नसावी.

१९६९ साली वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकाने त्यांनी व्यावसायिक नट म्हणून प्रारंभ केला. हौशी रंगभूमीवर पडलेला प्रयोग दुसऱ्या दिवशी दवाखान्यात विसरता येतो. आता ती सोय उरली नाही. बदल झाला तो येथे. अभिनय जुनाच होता; मागे आधार म्हणून उभा असलेला दुसरा व्यवसाय तेवढा दूर झाला. इतक्या वर्षांच्या अध्ययनाने कमावलेली विद्या बाजूस ठेवण्यातील हानी लहान नव्हती, आणि नाटकाच्या उत्पन्नाची शाश्वती कोणीच देऊ शकत नव्हते. तरीही 'त्याग' हा शब्द येथे नीटसा बसत नाही. त्यागात आवडती वस्तू सोडलेली असते. येथे आवडत्या वस्तूसाठी दुसरी सोडली गेली. किर्लोस्करांच्या चरित्रकथनातही हीच गल्लत आढळते.

पुढील वर्षी, २३ डिसेंबर १९७० रोजी, वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग मुंबईच्या बिर्ला मातोश्री सभागृहात झाला. निर्मिती गोवा हिंदू असोसिएशनची, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे. नाटकातील अप्पासाहेब बेलवलकर हा रंगभूमीवरून निवृत्त झालेला वृद्ध नट. सर्वस्व मुलांना वाटून टाकल्यावर त्याच्याजवळ उरते ती जन्मभर पाठ केलेली भाषणे. घर जाते, मान जातो, अखेर बायकोही जाते. भाषा जात नाही. लांब पल्ल्याच्या त्या स्वगतांना दमसास लागतो, पण त्याहून अधिक लागते ती मराठी गद्याच्या लयीची जाण. रंगभूमी सोडलेल्या म्हाताऱ्याचे काम करणारा नट त्या वेळी त्रेचाळीस वर्षांचा होता, आणि रंगभूमीला पूर्ण वेळ वाहून घेऊन त्याला जेमतेम वर्षभर झाले होते.