होल्बाखच्या घरचे गुरुवार

गुरुवार हा आपल्याकडे दत्ताचा वार. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये मात्र एका घरी गुरुवारी आणि रविवारी देव न मानणारी मंडळी जेवायला जमत असत. हे काही एकदोन वर्षे नव्हे, चांगली दोन-तीन दशके चालले. आज आपण त्या घरी जाऊन बसू.

घर बॅरन होल्बाख यांचे. जन्म 1723 चा, जर्मन भाषिक मुलखातला. शिक्षण हॉलंडमध्ये लायडनला आणि संपत्ती मामाकडून वारशाने आलेली. माणूस अभ्यासू होता. रसायनशास्त्र आणि खनिजशास्त्र यांवरचे जर्मन ग्रंथ त्याने फ्रेंचमध्ये आणले. दिदरोने संपादित केलेल्या प्रसिद्ध विश्वकोशासाठी त्याने सुमारे 400 नोंदी लिहिल्या. पहिली पत्नी लवकर वारली, तेव्हा तिच्याच धाकट्या बहिणीशी लग्न करायचे ठरले. चर्चच्या कायद्यात ते बसत नव्हते, म्हणून थेट पोपकडून खास परवानगी आणली. पुढे ज्याने चर्चवर इतके जहाल लिहिले, त्याचा संसार पोपच्या परवानगीने उभा राहिला, हे आम्हांला नेहमी गमतीचे वाटत आले आहे.

दुपारी दोनला लोक जमत. दहा-बारा, कधी पंधरा-वीस. जेवण भरपूर, वाइन उत्तम, कॉफी उत्तम, आणि संध्याकाळी सात-आठ वाजले तरी उठायला कोणी तयार नसे. हे सगळे आपल्याला सांगतो तो मोरले नावाचा पाद्री. हो, पाद्री! नास्तिकांच्या पंगतीचे सगळ्यात चांगले वर्णन एका पाद्र्याने करून ठेवले आहे. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

इथे एका शब्दाचा खुलासा. आपल्या दर्शनांच्या परंपरेत नास्तिक म्हणजे वेद न मानणारा. त्यामुळे निरीश्वर सांख्य आस्तिकांत बसतात आणि जैन, बौद्ध नास्तिकांत. आज आपण नास्तिक हा शब्द रोजच्या अर्थाने, म्हणजे ईश्वर नाही असे म्हणणारा, या अर्थाने वापरतो आहोत.

तर, 1763 ते 1766 या काळात डेव्हिड ह्यूम पॅरिसमध्ये होता. पहिल्यांदाच तो होल्बाखकडे जेवायला बसला आणि सहज म्हणून गेला, की नास्तिक असतात यावर माझा विश्वास नाही, मी तरी एकही पाहिलेला नाही. ह्यूमसारख्या संशयवाद्याने असे म्हणावे! बॅरन म्हणाला, इथे अठरा माणसे बसली आहेत, मोजा. त्यातले पंधरा आत्ताच दाखवतो, उरलेल्या तिघांचे अजून ठरायचे आहे. हा किस्सा दिदरोने 1765 साली एका पत्रात लिहिला आहे.

किस्सा छान आहे, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. अॅलन कॉर्स या इतिहासकाराने 1976 साली या मंडळींवर पुस्तक लिहिले. त्यात त्याने नेहमी येणाऱ्या एकेका माणसाचे लेखन तपासले. स्वच्छ निरीश्वरवादी म्हणावेत असे त्याला मोजकेच सापडले: होल्बाख स्वतः, दिदरो, त्यांचा शिष्य नेझाँ. बाकी कोणी देव मानणारे, कोणी कुंपणावर बसलेले, कोणी चर्चचे उत्पन्न खाणारे. बॅरनने पाहुण्याला जरा फुगवून आकडा सांगितला असणार. यजमान सांगतात तसे.

मग या घराचे महत्त्व काय? आमच्या मते ते एका गुरुवारात दिसते.

त्या दिवशी दिदरो, रू नावाचा रसायनशास्त्रज्ञ डॉक्टर आणि खुद्द बॅरन यांनी ईश्वराच्या अस्तित्वाविरुद्ध जोरदार मांडणी केली. मोरले म्हणतो, असल्या बोलण्यावर वीज पडत असती तर त्या घरावर शंभरदा पडली असती. पाहुण्यांत गालियानी नावाचा दुसरा एक पाद्री होता. नेपल्सचा, तिथल्या वकिलातीचा सचिव, बुटका, अतिशय हजरजबाबी. तो सगळे शांतपणे ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, महाशय, मी पोप असतो तर तुम्हांला धर्मपीठाच्या तुरुंगात टाकले असते. पण तसा मी नाही, तेव्हा पुढच्या गुरुवारी येतो. मी तुमचे ऐकले तसे तुम्ही माझे ऐका.

पुढचा गुरुवार आला. जेवण झाले, कॉफी झाली. गालियानी खुर्चीत मांडी घालून बसला. उकडत होते, म्हणून डोक्यावरचा टोप काढून एका हातात धरला आणि दुसऱ्या हाताने हातवारे करत बोलू लागला. समजा, तुम्ही फासे खेळताय. समोरच्याने तीन फासे टाकले आणि तीनही सहा पडले. तुम्ही म्हणाल, नशीब. पुन्हा तेच पडले, पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या वेळी तुम्ही काय म्हणाल? हे शकुनीचे फासे आहेत! (शकुनी अर्थात आमचा. गालियानीने भरलेले फासे म्हटले.) मग हे सूर्य, तारे, हे प्राण्यांचे शरीर, रोज तेच दान पडते आहे, आणि तिथे मात्र तुम्ही योगायोग म्हणता? निसर्गाचे फासे भरलेले आहेत, आणि वर कोणीतरी खेळिया बसला आहे.

युक्तिवाद तसा जुनाच, नैयायिकही आपल्या पद्धतीने तो करतात. आम्हांला त्यापेक्षा मोलाचे वाटते ते उत्तर. 1770 साली होल्बाखचा ‘निसर्गाची व्यवस्था’ हा ग्रंथ आला. त्यात त्याने हेच फासे उचलले आहेत. तो म्हणतो, बरोबर, द्रव्याचे कण भरलेल्या फाशांसारखेच आहेत. त्यांची घडणच अशी आहे, की ठरावीक परिणामच निघणार. योगायोग आम्हीही म्हणत नाही. पण फासा भरलेला असणे हा फाशाचाच गुण आहे, त्यासाठी वर बसलेला खेळिया कशाला? म्हणजे प्रतिपक्षाचा दृष्टांत त्याने खोडला नाही, तो पत्करला आणि आपल्या बाजूने वळवला.

न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतः काहीच न मांडता नुसते दुसऱ्याचे खोडत बसणे ती वितंडा. आठ दिवस थांबून, ऐकून, मग बोलणे हा वाद. पंगतीत कोणी देव मानणाराच नसता, तर होल्बाखला आपला सिद्धान्त इतका घासून घेता आला नसता, असे आमचे मत आहे. आपल्याकडे चार्वाकाचे उलटे झाले. त्याचे ग्रंथ गेले, आणि तो आपल्याला कळतो तो बहुतांशी विरोधकांनी मांडलेल्या पूर्वपक्षातून.

चर्चा देवाधर्माचीच होई असे नाही. धान्यव्यापार हा त्या काळचा पेटता प्रश्न. 1764 साली फ्रेंच सरकारने धान्य निर्यातीवरची बंधने सैल केली, आणि पुढे भाव चढले. गालियानीने या मोकळ्या व्यापाराविरुद्ध संवादरूपाने पुस्तक लिहिले. मोरले मोकळ्या व्यापाराचा कट्टर पुरस्कर्ता, त्याने त्याचे खंडन लिहिले. आणि दिदरो? तो गालियानीच्या बाजूने! गालियानीला 1769 साली नेपल्सला परत बोलावून घेतले, तेव्हा त्याच्या पुस्तकाच्या छपाईकडे दिदरोने लक्ष दिले. देवाच्या प्रश्नावर दोघे पाद्री एका बाजूला आणि दिदरो दुसऱ्या. भाकरीच्या प्रश्नावर एक पाद्री आणि दिदरो एका बाजूला, दुसरा पाद्री समोर. ज्या मंडळीत माणसे प्रत्येक प्रश्नावर त्याच बाकावर बसतात तिथे विचार थांबला आहे असे आम्ही वर्गात सांगत असू, ते हेच उदाहरण देऊन.

आता त्या पाद्र्याच्या मुद्द्याकडे येऊ. होल्बाखची पुस्तके त्याच्या नावावर कधीच आली नाहीत. ‘ख्रिस्ती धर्माचे उघडे रूप’ हे पुस्तक बूलांजे या मृत लेखकाच्या नावावर, तर ‘निसर्गाची व्यवस्था’ मिराबो या दहा वर्षांपूर्वी वारलेल्या विद्वानाच्या. मेलेल्या माणसाला कोण पकडणार! नेझाँचा भाऊ हस्तलिखिताची नक्कल करी, म्हणजे अक्षर ओळखू येऊ नये. ती प्रत अॅमस्टरडॅमला रे नावाच्या प्रकाशकाकडे जाई, आणि मुखपृष्ठावर गाव छापले जाई लंडन. 1770 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या न्यायालयाने ग्रंथ जाळण्याचा हुकूम दिला. व्होल्तेअरने त्याविरुद्ध लिहिले, प्रशियाच्या राजाने लिहिले. लेखक दर गुरुवारी पाहुण्यांना वाढत होता.

मोरले आठवणींत लिहितो, की आम्हा काही जणांना लेखक कोण याची पक्की खात्री होती. तरी त्याच्या हयातीत आम्ही आपसांतसुद्धा त्याचा उच्चार केला नाही. हे बोलणारा देव मानणारा आहे! त्याला ती मते पटत नव्हती. एक शब्द बाहेर गेला असता तर बॅरनचे काय झाले असते हे कळायला लांब जावे लागत नव्हते. 1 जुलै 1766 ला अब्बेव्हिल गावी शेव्हालिए द ला बार या वीस वर्षांच्या तरुणाचा शिरच्छेद झाला होता. मिरवणुकीपुढे टोपी काढली नाही, पाखंडी गाणी म्हटली, असे आरोप. त्याच्या प्रेताबरोबर व्होल्तेअरचा ‘तत्त्वज्ञानकोश’ही जाळला.

इथवर ऐकून बरे वाटते. मैत्री, सहिष्णुता, वगैरे. पण इथे थांबलो तर आपण बॅरनच्या जेवणाला भुललो असे होईल.

1768 साली पॅरिसमध्ये जोसराँ नावाचा एक पोऱ्या किराणा दुकानात कामाला होता. ‘ख्रिस्ती धर्माचे उघडे रूप’च्या प्रती त्याच्या हाती आल्या. दिदरो लिहितो, त्याने एक प्रत आपल्या मालकाला विकली आणि मालकाने पोलिसांना कळवले. पोऱ्या, लेक्यूये नावाचा जुन्या मालाचा विक्रेता आणि त्याची बायको, तिघांना चव्हाट्यावर खोड्यात उभे केले. पुरुषांना तापल्या लोखंडाचे डाग दिले. जोसराँला नऊ वर्षे ‘गलबतांची’ शिक्षा झाली. गलबतांचे आरमार तोवर मोडीत निघाले होते, कैद्यांना बंदरातल्या गोद्यांत बेड्या घालून राबवत. बाईला वेगळ्या तुरुंगात धाडले.

पुस्तक होल्बाखचे. शिक्षा किराणा दुकानातल्या पोऱ्याला.

एका श्रोत्याची चिठ्ठी आली आहे: मग होल्बाखने पुढे येऊन हे माझे आहे असे का सांगितले नाही, हा भ्याडपणा नव्हे का? प्रश्न रास्त आहे. आम्ही तरुणपणी याचे उत्तर ताडकन ‘होय’ असे दिले असते. सांगितल्याने जोसराँ सुटला असता असे वाटत नाही, विकणाऱ्याला शिक्षा ही वेगळी होतीच. आणि बॅरन पकडला गेला असता तर नक्कल करणारा, पुस्तके सीमेपार आणणारे, सगळेच उघडे पडले असते. हे खरे. पण भिंतीच्या आत लेखकाला जपणारे वीस मित्र होते, आणि भिंतीबाहेर विकणाऱ्याला जपणारे कोणी नव्हते, हेही तितकेच खरे. दिदरोने ही हकिकत मैत्रिणीला पत्रातून कळवली. त्याला ती टोचली असणार. लिहिले मात्र पत्रातच.

व्होल्तेअर म्हणे, सामान्य माणसांना देवाचा धाक हवा, नाहीतर चोऱ्या होतील. होल्बाखला हे मान्य नव्हते. नीती धाकावर उभी राहत नाही, ती माणसांच्या एकमेकांच्या गरजेवर उभी राहते, असे तो म्हणे. 1772 साली त्याने मोठ्या ग्रंथातला विचार ‘साधी समज’ या छोट्या, सोप्या पुस्तकात आणला. तो पंगतीतल्या विद्वानांसाठी नव्हता, लहानशा दुकानात बसून वाचणाऱ्यांसाठी होता. तोही अर्थात नावाशिवाय. जोसराँची तेव्हा निम्मीही शिक्षा भोगून झालेली नव्हती.

दिदरो 1784 मध्ये गेला, होल्बाख 1789 च्या जानेवारीत, क्रांतीच्या सहा महिने आधी. दोघांनाही त्याच परिसरातल्या सँ-रॉक या चर्चमध्ये रीतसर पुरले. क्रांतीच्या धामधुमीत तिथल्या कबरी उकरल्या गेल्या. मोरले क्रांतीतून वाचला, चर्चकडून मिळणारे उत्पन्न त्याने गमावले, आणि 1819 साली, नव्वदी ओलांडून तो वारला. बॅरनचे गुपित ज्यात आहे त्या त्याच्या आठवणी 1821 साली छापून आल्या.